बुंध्याला बोर्डो, दुखण्याला वही

अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या मोर्शीत कुणाच्या हातात ब्रश दिसला, की तो संत्र्याच्या झाडांना बोर्डो पेस्ट लावायला निघालाय हे विचारावं लागत नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी असं मिश्रण करायचं आणि प्रत्येक झाडाचा बुंधा जमिनीपासून तीन फुटांपर्यंत रंगवून काढायचा. मोरचूद लोखंडी भांड्यात कालवायचं नाही. मिश्रण जमलं की नाही हे बघायला त्यात विळ्याचं पातं बुडवायचं. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला असं समजायचं. हा सगळा खटाटोप डिंक्या रोगासाठी. डिंक्या झालेल्या झाडाच्या सालीतून डिंक पाझरतो, पानं पिवळी पडतात, आणि झाड काही एका रात्रीत मरत नाही. वर्षानुवर्षं खंगत उभं राहतं. तेव्हा जुनाट आजार, ब्रश आणि रंग यांची सांगड आमच्या तालुक्याला नवी नाही. फक्त ती झाडांपुरती आहे. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने सुजलेली बोटं घेऊन स्वतःसाठी रंगपेटी उघडून बसणं आमच्या पीकपद्धतीत बसत नाही. मी दुकानात रंग मागितले तेव्हा दुकानदाराने पहिला प्रश्न केला, ‘‘भिंतीले का दाराले?’’

माझा आजार आमवात. डॉक्टरी भाषेत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा बाहेरचा शत्रू सोडून स्वतःच्याच सांध्यांवर तुटून पडते, असं अमरावतीच्या डॉक्टरांनी समजावलं. घरी येऊन मी ते सासूबाईंना सांगितलं. त्या क्षणभर विचार करून म्हणाल्या, ‘‘म्हंजे भाऊबंदकीच म्हन ना!’’ पुढे मी या आजारावर बरंच वाचलं, पण इतकी नेमकी व्याख्या काही सापडली नाही.

या आजाराची मुख्य गोळी मेथोट्रेक्सेट. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं, म्हणून डॉक्टर वार ठरवून देतात आणि तो वार चिठ्ठीवर गोल करून लिहितात. गोळी रोज नसते, वार ठरलेला असतो आणि चुकलं तर पाप लागतं, हे ऐकल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘‘थे गोळी हाये का उपास?’’ दुसरी गोळी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. ही बिचारी वर्षानुवर्षं आमवाताच्या आणि ल्युपसच्या रुग्णांच्या पिशवीत गुमान पडून होती. २०२०च्या मार्चमध्ये करोनावरचं औषध म्हणून ती एकाएकी जगप्रसिद्ध झाली आणि औषधाच्या दुकानांतून गायब झाली. टीव्हीवर मोठमोठे लोक माझ्या गोळीचं नाव घेत होते, त्या वेळी मला थोडा अभिमानही वाटला. नंतर करोनावर तिचा उपयोग नाही असं सिद्ध झालं, तिची प्रसिद्धी ओसरली, आणि ती पुन्हा माझ्या पिशवीत राहायला आली.

जुनाट आजाराची खरी अडचण दुखण्याइतकीच भेटायला येणाऱ्यांचीही असते. लोक वाईट नसतात. पण त्यांच्या सहानुभूतीला मुदत असते. पहिल्या टप्प्यात माणसं फळं घेऊन येतात. मोर्शीत आजाऱ्याला भेटायला जाताना कुणी संत्री नेत नाही, कारण ती त्याच्याच मळ्यातली निघायची भीती. म्हणून सफरचंदं येतात. सफरचंद हे आमच्याकडे केवळ आजाऱ्याने खायचं फळ आहे. धडधाकट माणसाच्या हातात दिसलं तर लोक विचारतात, कोण आजारी आहे? दुसरा टप्पा इलाजांचा. निर्गुडीचा पाला शेकून बांध, एरंडाच्या पानाला तेल लावून गुंडाळ, मेथीचे लाडू खा, डिंकाचे लाडू खा. झाडातून डिंक निघाला तर झाड आजारी, आणि तोच डिंक पोटात गेला तर माणूस बरा, हे शास्त्र मला अजून कुणी उलगडून सांगितलेलं नाही. तिसऱ्या टप्प्यात फळंही येत नाहीत आणि पालाही येत नाही. फाटकातूनच एक प्रश्न येतो, ‘‘अजून हायेच काय वं?’’ त्या आवाजात थोडी नाराजी असते. इतके लाडू खाल्ले, इतका पाला बांधला, आता बरं व्हायला काय हरकत आहे?

मग आपणच एक उत्तर तयार ठेवतो. ‘‘कशी हाये तब्येत?’’ ‘‘बरी हाये.’’ हे उत्तर एसटी स्टँडवर चालतं, लग्नात चालतं, फोनवर चालतं. खरं उत्तर लांबलचक असतं, रोज बदलतं, आणि ऐकायला कुणाला वेळ नसतो. ते खरं उत्तर ठेवायचं कुठे, एवढाच माझा प्रश्न होता.

त्याचं उत्तर पुण्याहून आलं. पुण्याहून उत्तरं न विचारताच येतात. भाची म्हणाली, ‘‘मावशी, तू आर्ट जर्नलिंग सुरू कर.’’ आर्ट जर्नल म्हणजे एक वही. तिच्यात लिहायचं, रंगवायचं, कापून चिकटवायचं, खोडायचं, शाई सांडायची. रोजनिशीत शब्द लागतात, चित्रवहीत चित्रं यावी लागतात. इथे दोन्हींची सक्ती नाही. सुंदर दिसलंच पाहिजे असंही नाही. शेवटचं वाक्य भाचीने तीनदा सांगितलं आणि मग मला जे व्हिडिओ पाठवले त्यांत सगळं भयंकर सुंदर होतं. त्या व्हिडिओंतल्या बायकांची बोटं लांबसडक, नखं रंगवलेली. त्या चिमट्याने सुकलेलं फूल उचलतात, अलगद कागदावर ठेवतात, आणि मागे पियानो वाजतो. मी फूल उचलायला गेले की माझ्या बोटांचा आवाज येतो.

पण त्या व्हिडिओंनी एक फार मोठा दिलासा दिला. तिथे जुन्या दिसणाऱ्या कागदाला फार मान आहे. शहरातल्या बायका असे कागद विकत आणतात. ते मिळाले नाहीत तर कोऱ्या कागदाला चहात भिजवतात, उन्हात वाळवतात, कडा मेणबत्तीवर जाळतात. हे बघून मी माळ्याकडे पाहिलं. आमच्या माळ्यावर सासऱ्यांच्या काळातल्या सोसायटीच्या पावत्या आहेत, सातबाराच्या नकला आहेत, लग्नपत्रिका आहेत, खताच्या कंपनीने दिलेल्या आणि कुणीच न लिहिलेल्या डायऱ्या आहेत. कागद जुना करायला आम्हाला चहा लागत नाही; गळका माळा आणि मोर्शीचा उन्हाळा पुरतो. सामग्रीच्या बाबतीत मी एका दुपारीच श्रीमंत झाले. वरून औषधांच्या रिकाम्या पट्ट्यांचा चंदेरी कागद, तपासणीच्या अहवालांच्या कोऱ्या पाठी, कालनिर्णयची उलटलेली पानं आणि संत्र्याच्या पेट्यांवरची लेबलं. आजारी माणसाच्या घरात चिकटवण्यासारखं किती असतं, हे निरोगी माणसाला कळायचं नाही.

सामग्री जमली, पण पहिलं पान कोरंच राहिलं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत शिकलेल्या माणसाला कोऱ्या कागदाची भीती असते. चित्र म्हटलं की आपल्या हातून एकच चित्र उतरतं. दोन डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, नदीकाठी झोपडी, झोपडीजवळ नारळाचं झाड, आणि आकाशात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. मोर्शीच्या उत्तरेला साक्षात सातपुडा दिसतो, पण आमच्या वर्गात कुणी तो काढला नाही. तो दोन डोंगरांत मावत नाही आणि त्याच्या मधून सूर्य उगवत नाही. नारळाचं झाड मात्र आम्ही सर्वांनी काढलं, समुद्र न पाहता. पुढे एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या सरकारी परीक्षा. त्यांत स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. स्थिरचित्रात सुरई, कांदा आणि मागे सुरकुतलेलं कापड. ज्याची सुरई एका बाजूला कलली त्याचा कलेशी संबंध तिथेच संपला. माझी सुरई कलली होती.

पहिल्या पानाचा प्रश्न आमच्या यांनी सोडवला. त्यांनी वाचता वाचता चहाचा कप वहीवर ठेवला आणि उचलला तेव्हा पानावर तपकिरी कडं उमटलं होतं. शहरातल्या बायका ज्यासाठी एवढं करतात ते आमच्याकडे सहज झालं होतं. मी त्या कड्याला दोन डोळे काढले, खाली तिरकं तोंड काढलं, आणि शेजारी लिहिलं, ‘सकाळचे सहा. मूठ मिटत नाही.’ त्या वाक्याला कुणी पाला सुचवला नाही. वही गप्प होती.

डागातून, खाडाखोडीतून चित्र निघतं हे मी मनचं सांगत नाही. १९२४ साली रवींद्रनाथ टागोर पेरूला निघाले होते. वाटेत ते आजारी पडले आणि अर्जेंटिनात व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्या पाहुणचारात त्यांना थांबावं लागलं. तेव्हा ‘पूरबी’च्या कविता लिहिताना ते खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडत गेले, आणि वहीच्या पानापानांतून चोचीचे, शेपटीचे, कुठल्याच पंचांगात नसलेले प्राणी बाहेर आले. ओकाम्पो बाईंनी ते पाहिलं. १९३० मध्ये पॅरिसला रवींद्रनाथांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं त्यात त्याच बाईंचा मोठा हात होता. तोवर नोबेल मिळून गेलेला तो माणूस साठी ओलांडल्यावर नव्याने रेघोट्या मारू लागला, तेव्हा आसपासच्या कुणीतरी ‘या वयात हे काय?’ म्हटलंच असेल. बंगालमध्येही शेजारी असतातच.

आता हाताचं. आमवाताचे डॉक्टर सांधे मोजतात. त्यांच्या हिशेबाच्या एका प्रसिद्ध पद्धतीत २८ सांधे तपासायचे असतात. दोन खांदे, दोन कोपरं, दोन गुडघे झाले सहा. उरलेले २२ मनगटांत आणि बोटांत. म्हणजे या आजाराचा मुख्य मुक्काम हातात. डॉक्टर एका कागदावर माणसाची आकृती घेतात आणि दुखऱ्या सांध्यांवर गोल करतात. मी निरखून पाहिलं, ती आकृती अगदी सुमार होती. मान नाही, हात गुडघ्यांपर्यंत. पण तिच्यावरून औषध ठरतं. चित्र बेढब असलं तरी कामाचं असू शकतं, हे मी त्या खोलीत शिकले आणि त्या कलत्या सुरईला मनोमन माफ केलं.

बारीक पेन्सिल धरायची तर अंगठा बोंब मारतो. मग पेन्सिलीला जुन्या सुती लुगड्याची पट्टी गुंडाळून ती जाड केली. जाड वस्तू कमी जोर लावून धरता येते. वही मांडीवर सरकते म्हणून मुलांचं परीक्षेचं क्लिपवालं पॅड घेतलं. कात्रीला सुट्टी दिली, कागद हाताने फाडले. फाटलेली कड व्हिडिओत फार वाखाणतात. बोटं अगदीच रुसली तर स्पंजाने रंग थोपटायचा. भेंडीचा तुकडा रंगात बुडवून ठसे मारायचे. रेन्वार या थोर फ्रेंच चित्रकाराला हाच आजार होता. १९१९ मध्ये मरेपर्यंत जवळजवळ पंचवीस वर्षं त्याची बोटं आत वळत गेली. त्याच्या हाताला पट्ट्या बांधलेल्या फोटोंवरून लोक सांगतात की तो ब्रश हाताला बांधून घ्यायचा. खरं म्हणजे ती पट्टी तळहाताची कातडी सोलवटू नये म्हणून होती. ब्रश कुणीतरी त्याच्या बोटांत अडकवून द्यायचं. मी हे कौतुकाने यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘‘बरं झालं सांगितलं. मले वाटलं आता ब्रशही मीच धरायचा.’’

वेळेचंही एक गणित असतं. पुस्तकांत लिहितात, रोज ठरावीक वेळ काढा. जुनाट दुखण्याला ठरावीक वेळ मान्य नसतो. सकाळी बोटं लाकडासारखी, दुपारी गोळीची ग्लानी, संध्याकाळी पाहुणे. रात्री मात्र दुखण्याने जाग येते. आमच्याकडे शेतीच्या पंपाला ठरलेल्या पाळीत वीज मिळते आणि पाळी रात्रीची असली की हे मध्यरात्री बॅटरी घेऊन बागेत ओलित करायला जातात. ते मोटर सुरू करायला उठतात, मी वही घेऊन बसते. घरात दोन माणसं अपरात्री कामाला लागलेली पाहून एकदा सासूबाईंनी विचारलं, ‘‘तुले बी लाइनचा मेसेज आला काय?’’ कधी पाच मिनिटं जमतं, कधी एक रेघ. एका रेघेचं पानही पान म्हणून धरायचं, हा नियम मीच केला आणि मीच मंजूर केला.

वहीत काढायचं काय, हा प्रश्न दुसऱ्या आठवड्यात पडतो. तेव्हा सोपं काहीतरी हाताशी असावं. मी महिन्याचे चौकोन आखते. बरा दिवस हिरवा, कुरकुरीचा पिवळा, वाईट लाल, आणि ‘पाहुणे आले’ याला वेगळा जांभळा. डावा हात कागदावर ठेवून कडेने रेघ ओढते. महिन्याभराने पुन्हा ओढते. कुठलं बोट केव्हा सुजलं होतं ते दिसतं. डॉक्टरांच्या ‘केव्हापासून?’ या प्रश्नाला आपण एरवी ‘झाले असतील चार-पाच दिवस’ असं उत्तर देतो, मग ते दिवस असोत की महिने. या वेळी मी वही पुढे केली. डॉक्टरांनी लाल चौकोन मोजले, हाताच्या रेघा पाहिल्या आणि औषधाचं प्रमाण बदललं. मग बराच वेळ पान निरखून म्हणाले, ‘‘हे जांभळे कशाचे?’’ मी सांगितलं. ते म्हणाले, ‘‘त्याच्यावर आपल्याकडे औषध नाही.’’

वहीच्या या उपयोगाला शास्त्राचा थोडा आधारही आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मोर्शीत कुणी ऐकून घेत नाही. १९९९ साली अमेरिकेत जोशुआ स्मिथ आणि सहकाऱ्यांनी दम्याच्या आणि आमवाताच्या ११२ रुग्णांवर एक प्रयोग केला. काहींनी तीन दिवस, दर दिवशी वीस मिनिटं, मनावर ओझं झालेल्या प्रसंगाबद्दल लिहायचं. उरलेल्यांनी दिवसाचा बेत लिहायचा. चार महिन्यांनी पहिल्या गटातल्या जास्त रुग्णांची तब्येत सुधारलेली आढळली. रंगांचं म्हणाल तर २०१६ मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात ३९ जणांना पाऊण तास चिकटकाम, मातीकाम, रंगकाम करायला दिलं. सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेत कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक कमी झालं. यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की पूर्वी चित्रकला येत होती की नव्हती, याने फरक पडला नाही. म्हणजे कलत्या सुरईवाल्यांचंही कॉर्टिसॉल उतरतं. मात्र एकाही शास्त्रज्ञाने गोळ्या बंद करा असं म्हटलेलं नाही. सांध्यांची झीज रंगपेटीने थांबत नाही. ती थांबवायला तीच उपासाची गोळी लागते.

एक प्रश्न भाचीला पडला नव्हता, तो आमच्याकडे पहिला पडतो. वही कुणी वाचली तर? पुण्यात दार लोटलं की खोली आपली. मोर्शीत दार लोटलं की लोक विचारायला येतात, दार का लोटलं. सुदैवाने या बाबतीत आमचा तालुका जगाला शिकवेल असा आहे. रिद्धपूर आमच्याच तालुक्यात. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे, पण सातशे वर्षांपूर्वीपासून ते महानुभाव पंथाचं गाव. म्हाइंभटांनी पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या आठवणी माणसांकडे फिरून फिरून गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. अक्षरांची अशी अदलाबदल केली, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बाहेरच्यांना ते वाचता येईनात. शेजाऱ्यांपासून वही लपवायची इतकी पक्की सोय दुसऱ्या कुठल्या तालुक्याने केली असेल असं वाटत नाही. मी माझी छोटी लिपी केली. जावांसाठी त्रिकोण, इलाज सांगणाऱ्यांसाठी एरंडाचं पान, आणि यांच्यासाठी चहाचं कडं. एका पानावर एरंडाची इतकी पानं झाली की काकूंनी ते पान उचलून सगळ्यांना दाखवलं, ‘‘पाहा माय, किती सुंदर बगिचा काढला!’’

घरातल्यांचं मत हळूहळू बदललं. आधी हे म्हणाले, ‘‘याचा काय भाव येईल?’’ संत्रं पिकवणारा माणूस भावाशिवाय विचार करू शकत नाही. एका रात्री मोटर बंद करून आल्यावर ते वही ओढून बसले आणि एका पानावर त्यांनी दोनच आकडे लिहिले, २० आणि ८८. बांगलादेशने आपल्या संत्र्यांवरचं आयात शुल्क २०१९ पासून वाढवत २०२३ मध्ये किलोमागे २० वरून ८८ रुपयांवर नेलं, त्याचे ते आकडे. दोन्हींना त्यांनी लाल पेन्सिलीने इतकं गिरवलं की कागद फाटला. त्यांचाही आजार जुनाट आहे आणि त्यांनाही लोक विचारतात, अजून हायेच काय? मी त्या फाटक्या भोकाच्या मागे चंदेरी कागद लावला. पान बरं दिसतं.

सासूबाईंचं प्रकरण वेगळं. त्यांनी आयुष्यभर अंगणात रांगोळी काढली. चैत्रात चैत्रांगण, चातुर्मासात गोपद्मं, तेहतीसच्या तेहतीस. नंतर गुडघे गेले, खाली बसता येईना, आणि अंगण सुटलं. माझंही सुटलं होतं. रांगोळीची चिमूट अंगठा आणि तर्जनी यांच्या पेरांत धरावी लागते, आणि माझी तीच पेरं आधी गेली. दारात आम्ही छापील स्टिकरची रांगोळी चिकटवली. ती पुसत नाही, विस्कटत नाही, आणि म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. वही आली तेव्हा सासूबाईंनी आधी ‘‘कायले शाई नासून रायली?’’ असा रीतसर निषेध नोंदवला. मग आषाढी एकादशीला खुर्चीवर बसून म्हणाल्या, ‘‘आन इकडं.’’ जाड पेन्सिल मुठीत धरून त्यांनी गोपद्मं काढायला घेतली. हात थरथरत होता. काही गाईंची पावलं झाली, काही बकऱ्यांची. तेहतीस पूर्ण झाल्यावर त्यांनी मोजून पाहिली आणि हुकूम केला, ‘‘उद्याचं पान ठेवजो माह्यासाठी.’’ आर्ट जर्नल हे परदेशी फॅड आहे असं म्हणणाऱ्यांना मी ते पान दाखवते. आमच्या बायका पिढ्यानपिढ्या रोज सकाळी एक पान काढत होत्या आणि संध्याकाळपर्यंत पुसू देत होत्या. फरक एवढाच, की त्यासाठी गुडघे आणि पेरं शाबूत लागत. वही टेबलावर राहते.

याहून जुनी वहीही आमच्या उशाशी आहे. मोर्शीच्या उत्तरेला, सातपुड्यात, मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्याच्या हद्दीत धारूळ गावाजवळ २००७ साली डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या अमरावतीकर निसर्गप्रेमी सहकाऱ्यांना रंगवलेल्या गुहा सापडल्या. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी तिथे दगडावर प्राणी काढून ठेवले आहेत. तिथे सगळेच ठणठणीत होते असं मी मानत नाही. पाठीला उसण भरलेला, शिकारीला जाता न येणारा कुणीतरी मागे राहिलाच असेल, आणि त्याला काहीतरी उद्योग हवाच असेल. संध्याकाळी परत आलेल्यांनी त्याला विचारलंही असेल, याचा उपयोग काय? त्या विचारणाऱ्यांचं आज काही उरलेलं नाही.

तेव्हा दुखणाईत वाचकहो, माझं ऐका. महागडी वही आणू नका. ती आणली की जपावीशी वाटते, आणि जपलेली वही कोरी राहते. खताच्या कंपनीची डायरी घ्या, तारखा चुकीच्या असल्या तर उत्तमच, राहिलेल्या दिवसांचा अपराध वाटत नाही. बऱ्या दिवसाची वाट पाहू नका. बऱ्या दिवशी घरातली खोळंबलेली कामं तुम्हाला सोडणार नाहीत. वाईट दिवशीच सुरुवात करा. पहिलं पान मुद्दाम खराब करा. चहा सांडा, हळद लावा, नको असलेली लग्नपत्रिका फाडून चिकटवा. गोळ्या वेळेवर घ्या, ठरल्या वारी घ्या, आणि डॉक्टरांना लाल चौकोन दाखवा. आणि फाटकातून कुणी तब्येत विचारलीच, तर खुशाल ‘बरी हाये’ म्हणा, त्याला चहा पाजा, आणि तो गेला की जांभळा रंग घ्या.